ज्याला घर आहे त्याने घरी जावं

९ जानेवारी

प्रिय ठके,

तुझं पत्र पोचलं. माझं अक्षर बघून घाबरू नकोस, तब्येत आहे तशीच आहे. मनगटाला पेन अडकवायचा पट्टा सैल झालाय आणि तो शिवून देणारा माणूस घरी गेला. म्हणजे घालवला. आमच्या लष्करी वॉर्डातून हल्ली रोज कोणी ना कोणी घरी जातं. आधी मालिशवाला गेला, मग व्यायाम करून घेणारी ती हसरी पोरगी, मग रात्रपाळीचे वॉर्डबॉय. वरचा मजला बंद करून तिथल्या खाटा आमच्यात आणून कोंबल्यात. दोन खाटांमधून मोठ्या सिस्टरांना आडवं होऊन चालावं लागतं. आम्ही हसलो की म्हणतात, "हसा, हसा. उद्या मीही नसेन."

सैन्य निम्म्यावर आणायचं ठरलंय, हे पेपरात आलंच असेल. पैसा नाही आणि भरतीला पोरंही येत नाहीत, म्हणून पुनर्रचना. माझी पलटण दुसरीत मिसळून टाकली. तिचा आकडाही शिल्लक ठेवला नाही. आता कोणी विचारलं, कुठल्या पलटणीचे, तर काय सांगायचं?

परवा दोन अधिकारी टेप घेऊन आले. भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या. एकाने मला विचारलं, "जखम कुठल्या लढाईतली?" मी म्हटलं, "लढाई कसली साहेब, ट्रक उलटला, मान मोडली." त्याने ते असं लिहून घेतलं, जणू लढाईत मोडलेली मान जरा जास्त टिकाऊ असते. शेजारच्या खाटेवरच्या आबांना विचारलं, "किती वर्षं आहात इथे?" आबा तोफखान्यातले, कान कामातून गेलेले. ते म्हणाले, "नाही, अजून आलं नाही जेवण." साहेब तसेच पुढे गेले.

काळजी करू नकोस. मोजणारे दर दोन-चार वर्षांनी येतातच. गणवेशाच्या कारखान्यात तुझ्या ह्यांचं कसं चाललंय? सासूबाईंना नमस्कार.

तुझा
दादा

२० जानेवारी

प्रिय दादा,

पत्र वाचून ह्यांना आबांचं जेवण सांगितलं, तर एवढे हसले की सासूबाई बाहेर येऊन बघायला लागल्या.

ह्यांचं बरं चाललंय. सैनिक कमी म्हणजे गणवेशही कमी, त्यामुळे शिलाई विभागाला आठवड्यातून तीनच दिवस काम असतं. पण त्यात वाईट काही नाही. घरी वेळ मिळतो, पोरीचा अभ्यास घेतात, परवा तर खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. लग्न झाल्यापासून मी सांगत होते, ते आत्ता झालं.

आणि तू वॉर्डाचं एवढं मनाला का लावून घेतोस? समजा केला त्यांनी बंद, तर माझं घर कुठे गेलंय? मी किती वर्षं म्हणतेय, इथे ये. तूच ऐकत नाहीस. म्हणे, इथे माझी माणसं आहेत. मग आम्ही कोण? पुढच्या खोलीत खिडकीजवळ खाट टाकली की खालचा सगळा रस्ता दिसतो. दिवसभर बघत बसशील आणि कोण कुणाशी भांडलं ते मला संध्याकाळी सांगशील.

पट्टा पाठवून दे. हे नीट शिवून देतील.

तुझी
ठकी

१४ फेब्रुवारी

प्रिय ठके,

या वेळचं पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. म्हणजे मोठ्या सिस्टरांना फाडायला लावलं.

वॉर्ड बंद होतोय. वसंत संपायच्या आत. नवे ब्रिगेडियर स्वतः सांगायला आले. माणूस वाईट वाटला नाही. टोपी काढून मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्याला सडपातळ आणि चपळ सैन्य उभं करायचंय." आम्ही सगळे पडल्यापडल्या ऐकत होतो. कोपऱ्यातला सिग्नलवाला म्हणाला, "साहेब, चपळाईत आम्ही मागे हटणार नाही." कोणीच हसलं नाही. साहेब हातातली टोपी फिरवत राहिले. मला आधी राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तोही धड टिकला नाही. लष्कराला वजन उतरवायचंय ठके, आणि चरबी म्हणजे आम्ही.

नियम असा: ज्याला घर आहे त्याने घरी जावं. घरच्यांना थोडा भत्ता मिळेल. ज्याचं कोणीच नाही, त्याच्यासाठी साऱ्या देशात मिळून एकच केंद्र राहणार आहे. तिथे खाटा मोजक्या, म्हणून कोणाला खरंच कोणी नाही, याची कसून चौकशी होणार.

आबांना काल नेलं. दोन मुलगे आहेत, दोघेही आले होते. कोणाकडे न्यायचं ते दारात ठरवत होते. आबांना ऐकू येत नाही हे काल बरंच झालं. स्ट्रेचरवरून मला हात केला आणि ओरडून म्हणाले, "सुटलो रे!"

आता मुद्द्याचं. तू वर्षानुवर्षं 'ये, ये' म्हणत आलीस. माणूस असं म्हणतो तेव्हा ते खरंच असतं, पण समोरचा येणार नाही हेही त्यात धरलेलं असतं. त्यात काही चूक नाही. मी तुझ्या जागी असतो तर तसंच म्हणालो असतो. म्हणून विचारतो, मोकळेपणाने सांग. मला रोज धुवावं-पुसावं लागतं. लघवीची नळी असते. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सडते. हे तू कधी पाहिलेलं नाहीस. भेटीच्या वेळेत मी नेहमी चादर ओढून, केस विंचरून बसवलेला असतो.

नाही म्हणालीस तरी मी तुझा दादाच आहे.

दादा

१ मार्च

प्रिय दादा,

नाही कशाला म्हणेन? तू ये!

सगळी तयारी चालू आहे. पुढच्या खोलीतलं कपाट आत सरकवलं. सासूबाई म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात झोपेन, मला काय, ऊबच मिळेल." तोंड जरा वाकडं होतं, पण म्हणाल्या. ह्यांनी शिलाईच्या टेपने जिना मोजला, दारं मोजली. न्हाणीघराचं दार तेवढं चाकाच्या खुर्चीला कमी पडतं, पण चौकट काढता येईल. कूस बदलणं पोरीने शाळेच्या पुस्तकातलं चित्र बघून माझ्यावर करून पाहिलं. मी जमिनीवर घरंगळले आणि आम्ही दोघी लोळून हसलो.

मी जवळच एका इस्त्रीवाल्याकडे काम धरलंय, आपलं सहज, थोडा वेळ. घरी बसून कंटाळा येतो.

तारीख कळव. खालचा दुकानदार टेम्पो देतो म्हणालाय.

तुझी
ठकी

८ मार्च

आदरणीय दादा,

मला पत्रं लिहायची सवय नाही. आमच्याकडे पत्रं हीच लिहिते. हे पत्र लिहितोय ते हिला माहीत नाही आणि कळू देऊ नका.

तुम्ही येणार म्हणून मी जिन्यावर सराव केला. आमचा जिना अरुंद आहे, मधे वळतो. आधी पोरीला खुर्चीत बसवून वर आणलं, जमलं. मग तुमच्या वजनाचा माणूस पाहिजे म्हणून खालच्या दुकानदाराला बसवला. मागून त्याचा नोकर, पुढून मी. वळणावर माझ्या पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. दुकानदाराला फारसं लागलं नाही. मी मात्र तेव्हापासून पडून आहे. डॉक्टर म्हणतात, वजन उचलायचं आता विसरा.

कारखान्याने शिलाई विभागच बंद केला. ही तुम्हाला 'तीन दिवस' लिहिते, ते जानेवारीपर्यंत खरं होतं. ही सकाळी अंधारात निघते आणि रात्री हाताला फोड घेऊन येते. सहज थोडा वेळ वगैरे काही नाही. घरी मी आडवा, आईचे हात थरथरतात आणि पोरगी शाळेत. दुकानदाराचा फोन वर मागवून मी तुमच्या मोठ्या सिस्टरांना विचारलं, एखाद्या दुपारी कूस बदलायची राहिली तर काय होतं? त्यांनी काय होतं ते सांगितलं.

ही तुम्हाला नाही म्हणणार नाही. मेली तरी म्हणणार नाही. म्हणून मी म्हणतोय. मला शिव्या द्या. तुम्ही आलात तर मी दाराशी सरपटत येईन, पण तुम्हाला उचलू शकणार नाही.

माफी मागायला तोंड नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा

२७ मार्च

ठके,

तयारी थांबव. मी येत नाही. माझी दुसरीकडे सोय झाली आहे, चांगली आहे.

यापुढे मला वॉर्डाच्या पत्त्यावर पत्र लिहू नकोस. एकही नको. भेटायला तर मुळीच येऊ नकोस. अगदी अडलंच तर मोठ्या सिस्टरांच्या घरचा पत्ता खाली दिलाय, त्यावर पाठव, आणि पाकिटावर तुझं नाव घालू नकोस. कारण आत्ता विचारू नकोस.

आबा गेले. मुलाकडे जाऊन महिनाही झाला नव्हता. पाठीच्या जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या, असं सिस्टर सांगत होत्या. सून रडत होती म्हणे, तिला कोणी काही शिकवलंच नव्हतं.

घरच्यांना सांभाळ.

दादा

१६ एप्रिल

दादा,

हे सिस्टरांच्या पत्त्यावर पाठवतेय, पाकिटावर नाव नाही. तू सांगितलंस तसंच.

तुझं ते चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तू रागावलास. माझ्या पत्रातून तुला काहीतरी वास आला, मी वरवरचं बोलतेय असं वाटलं आणि तू मला तोडलंस. रात्री सगळे झोपले की मी रडायचे. ह्यांच्याशी भांडले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मग एका रात्री त्यांनी स्वतःच सांगितलं, तुला काय लिहिलं ते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना उठून बसवायला हात दिला आणि तेव्हा लक्षात आलं, एकट्या ह्यांनाच उठवताना मला धाप लागते.

तरी तुझी सोय कुठे आणि कशी झाली, ते कोडं सुटत नव्हतं. काल सुटलं.

रविवार होता, मी घरीच होते. दार वाजलं. लष्कराच्या कार्यालयातला माणूस, साध्या कपड्यांत, हातात फाइल. जिना चढून दमला होता. मी पाणी दिलं. त्याने तुझं नाव घेतलं आणि म्हणाला, "यांच्या जुन्या कागदांवर बहिणीचा हा पत्ता आहे. ते म्हणतात, बहीण वारली, आता आपलं कोणी नाही. खात्री करायला आलोय."

मी त्याच्या हातातला पेला परत घेतला. तो म्हणाला, "बहीण असेल तर त्यांना केंद्रात घेता येणार नाही. शिवाय खोटं सांगितलं म्हणून निवृत्तिवेतनही थांबेल. मला आवडतं म्हणून विचारत नाही बाई. माझंही कार्यालय जूनमध्ये बंद होतंय."

दादा, तेवढ्या वेळात मला सगळं कळलं. तू मला का तोडलंस, पत्रं का नकोत, सगळं. आणि मी म्हणाले, "हो. त्या वारल्या. आधी इथेच राहायच्या."

मी माझ्याच तोंडाने सांगितलं की मी मेले. आवाज कापला नाही माझा. मला वाटलं होतं, असं काही बोलताना जीभ झडेल. काही होत नाही. शब्द निघून जातात.

त्याने लिहून घेतलं. कशाने वारल्या, ते विचारलं नाही. पेन खिशाला लावलं, उठला, आणि त्याची नजर भिंतीवर गेली. तुझा फोटो. भरती झालास तेव्हाचा, गणवेशातला, कान बाहेर आलेले. फाइलमध्येही तुझा फोटो असणारच. तो बघत राहिला.

मागून सासूबाई आल्या. गेले दोन महिने स्वयंपाकघरात झोपावं लागणार म्हणून माझ्यावर धुसफुसणाऱ्या सासूबाई. भिंतीचा आधार घेत फोटोपाशी गेल्या, पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "हा माझा थोरला. फौजेत होता. परत आला नाही."

त्या माणसाने फाइल बगलेत धरली. मग त्यांच्या पाया पडला आणि गेला. त्याला खरं वाटलं की त्याने खरं मानून घेतलं, मला अजून समजलेलं नाही.

तो गेल्यावर सासूबाई खाली बसल्या आणि इतक्या रडल्या, जणू खरंच त्यांचा थोरला होता. ह्यांनी आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. दादाची सोय झाली."

मला एकच सांग. चौकशी मंडळासमोर 'बहीण वारली' म्हणालास, तेव्हा तुझाही आवाज कापला नाही ना?

ठकी

२९ एप्रिल

प्रिय ठके,

सिस्टरांची उद्याची पाळी शेवटची. त्यानंतर हा पत्ताही आपल्या कामाचा नाही. म्हणून थोडक्यात लिहितो.

तिघे जण होते समोर. मधल्या बाईंनी विचारलं, "जवळचं कोणी?" मी म्हटलं, "एक बहीण होती." त्या 'होती'वर अडकलो. आवाज कापला. खूप कापला. बाईंना वाटलं, दुःख ताजं आहे. त्यांनी मला पाणी पाजलं आणि पुढचं काही विचारलंच नाही. माझं रडणं खरं होतं, म्हणून खोटं पचलं.

तुझ्या ह्यांना सांग, ते पत्र लिहायला जेवढं बळ लागलं असेल तेवढं मला उचलायलाही लागलं नसतं. सासूबाईंना काय सांगू? आपली आई गेली तेव्हा मी असाच पडून होतो, जाता आलं नाही. त्यांना म्हणावं, थोरल्याचा नमस्कार.

परवा आम्हाला नेतात. मला शोधू नकोस. निदान वर्षभर तरी नको. इथल्या एकाची खोटी नोंद पकडली गेली. त्याला चुलतभावाच्या दारात सोडून गाडी परत आली. दार उघडलं की नाही, हे बघायला गाडीवाला थांबला नव्हता.

ठके, तू आहेस. कागदावर काहीही असो. मला ते रोज माहीत असेल.

दादा

११ ऑक्टोबर

प्रिय ठके,

हे पत्र इथल्या धोब्याकडे देतोय, तो बाहेर टाकेल. चांगला माणूस आहे. दोन महिन्यांत त्यालाही काढणार आहेत.

मी वर्षभर येऊ नकोस म्हटलं होतं. तू सहाव्या महिन्यालाच आलीस, तीही सेवेच्या बायकांत शिरून. आधी रागावून घेतो, म्हणजे मग बाकीचं लिहिता येईल. वेडी आहेस का तू? कोणी ओळखलं असतं तर?

आता ऐक. रुग्णांची सेवा करणाऱ्या बायका येणार, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. आम्ही एका लांबलचक शेडमध्ये आहोत, तू पाहिलीसच. तिथे पूर्वी रणगाडे उभे करायचे. फरशीवर तेलाचे डाग आहेत आणि पिवळे आकडे. माझी खाट सातवर आहे. निळ्या अंगरख्यातल्या बायका आत शिरल्या तेव्हा मी छपराच्या पत्र्याकडे बघत पडलो होतो. मग तुझी चाल ऐकली. बघायची गरजच पडली नाही. लहानपणापासून तू डावा पाय जरा आपटतेस.

तू पहिल्या खाटेपासून सुरुवात केलीस. नेलकटर घेऊन. एकेकाची नखं कापत, एकेकाशी बोलत. सिग्नलवाल्याशी, त्या आंधळ्या सार्जंटशी, कुणाकुणाशी. मला एवढा राग येत होता तुझा! सहा जणांची साठ बोटं, आणि तू एकही घाईने उरकलं नाहीस. दोनदा वाटलं, वेळ संपेल, शिट्टी होईल आणि तू सहावरूनच परत जाशील.

मग तू माझ्यापाशी बसलीस. वर पाहिलं नाहीस. "हात द्या," म्हणालीस. सगळ्यांना म्हणालीस तसंच, 'द्या'. माझी बोटं वळलेली, मिटलेली, ती तू एकेक करून उघडलीस. तुझे हात किती खरखरीत झालेत ठके. इस्त्रीचे डाग मनगटापर्यंत गेलेत. मला बोटांना स्पर्श फार कळत नाही, पण अंगठ्याला थोडा कळतो. तू अंगठा शेवटी ठेवलास. हे तुला माहीत होतं की आपोआप झालं?

मला विचारायचं होतं, यांची पाठ कशी आहे, पोरगी कितवीत गेली, सासूबाई आहेत ना. मी म्हटलं, "बाई, फार खाली कापू नका." एवढंच बोललो. तू मान हलवलीस. तुझ्या केसांत पांढरं आलंय, ते मला वरून दिसलं.

तू आठव्या खाटेवरून पुढे गेलीस तेव्हा शेजारचा म्हणाला, "त्या बाईंनी तुला फार वेळ दिला." मी म्हटलं, "माझी बोटं वाकडी आहेत, वेळ लागतो." तो आठवर आहे, सरळ बोटांचा.

इथलं सांगू का? नको वाटतं, पण तुझ्याशी खोटं बोलायची आता ताकद उरली नाही. रात्री सगळ्या शेडला मिळून दोनच माणसं असतात. माझ्या पाठीवर एक जखम सुरू झालीय, अजून लहान आहे. पुनर्रचनेचा दुसरा टप्पा जाहीर झालाय, नव्या वर्षात खाटा आणखी कमी करणार म्हणतात. ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यातून कोणाला काढणार आणि कुठे पाठवणार, हे कोणी सांगत नाही. मी विचारत नाही. मला ज्या एका घरी पाठवता आलं असतं तिथली बाई वारलीय, हे मीच लिहून दिलंय.

रात्री कूस बदलायला कोणी येईपर्यंत मी तुझा तो पाय आपटत चालण्याचा आवाज ऐकतो. पहिल्या खाटेपासून सातव्यापर्यंत. मग परत पहिलीपासून.

आता परत येऊ नकोस, हे मी मोठा भाऊ म्हणून सांगतो. ते सांगणं माझं काम आहे.

बाकी विशेष काही नाही. या सिमेंटच्या धुळीत काय आहे देव जाणे, पण माझी नखं फार लवकर वाढतात.

दादा